चौथी जागा

चँडलर, ॲरिझोना
२४ ऑगस्ट १९८६

एकनाथ,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे तसंच ठेवून देशील अशी भीती होती, म्हणून पत्ता राजीवच्या टाइपरायटरवर टाइप केला. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. काम माझं नाही.

काम एलेनाचं आहे. एलेना अर्विझू. तिची आठवण तुला करून द्यावी लागेल असं वाटत नाही. दोन वर्षं तू दर शनिवारी ती कोरडी नदी ओलांडून दक्षिण फिनिक्सला आमच्या शाळेत यायचास. मुलांना तुझं नाव जमायचं नाही, म्हणून तू ‘मिस्टर एक’ झालास. तुमच्या चिप्सच्या प्लँटमधल्या टाकून दिलेल्या सिलिकॉनच्या चकत्या तू डब्यातून आणायचास आणि आमच्या त्या खिळखिळ्या मायक्रोस्कोपखाली एकेकाला बघायला लावायचास. एका शनिवारी एलेनानं एक ओरखडा दाखवला, जो तुलाही दिसला नव्हता. तू तीनदा बघितलंस आणि मला मराठीत म्हणालास, “ताई, अशी नजर शिकवून येत नाही.” तिनं लगेच विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, तुला नोकरी नक्की मिळेल म्हणाले.

मेमध्ये ती हायस्कूल पास झाली. गणितात शाळेत पहिली. सध्या एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते.

इथल्या कम्युनिटी कॉलेजनं जानेवारीपासून दोन वर्षांचा टेक्निशियनचा कोर्स काढलाय, संध्याकाळचा. फीची सोय शाळेच्या फंडातून होते. पण त्यांना शिफारस हवी इंडस्ट्रीतल्या माणसाची, ज्यानं त्या विद्यार्थ्याचं काम स्वतः पाहिलंय. असा माणूस एकच आहे आणि तो न्यू जर्सीत जाऊन बसलाय. १५ ऑक्टोबर ही शेवटची तारीख. कॉलेजचा पत्ता मागच्या पानावर दिलाय.

गेल्या वर्षी गणपतीत सुलेखाच्या घरी मी जे बोलले, ते रागात बोलले. चिप्सचा बाजार पडला, कंपनीनं आमच्या मुलांसाठीच्या उन्हाळी कामाच्या बारा जागांच्या चार केल्या, त्यात एलेना राहून गेली. मंदी होती. दोष कुणाचाच नव्हता, असं आता मला वाटतं. तूही तसंच समज आणि विषय संपव.

प्रतापचं हॉस्पिटल ठीक चाललंय. तुझा भाचा राजीव परवा बॉस्टनला युनिव्हर्सिटीत गेला. त्याच्याबद्दल तुला जास्त काही ऐकायचं नसेल.

ताई


चँडलर
२ नोव्हेंबर १९८६

एकनाथ,

मला तू एक ओळसुद्धा लिहिली नाहीस. पण कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी फोनवर सांगितलं की न्यू जर्सीहून पत्र आलं, चांगलं दोन पानी. डीननी ते मीटिंगमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं म्हणे. काय लिहिलंस ते मला दाखवता येत नाही, तसा त्यांचा नियम आहे. एक प्रत एलेनाला मिळणार.

तिला प्रवेश मिळाला. मी स्वतः जाऊन सांगितलं.

लाँड्री हॉटेलच्या मागच्या बाजूला आहे. दार उघडलं की वाफेचा लोट अंगावर येतो. बाहेर नव्वद डिग्री फॅरनहाइट, आत त्याहून जास्त. सुपरवायझर बाई माझ्याकडे जरा संशयानंच बघत होती. मी टीचर आहे म्हटल्यावर तिचा सूर बदलला. म्हणाली, “तुमची मुलगी फार बारीक काम करते हां. हिच्या हातून एक डाग सुटत नाही.” मला तिथून पळून जावंसं वाटलं.

एलेना बाहेर आली. केस जाळीत बांधलेले, हात कोपरापर्यंत लाल. तिनं मी नेलेलं कॉलेजचं पत्र वाचलं, घडी घातली, परत पाकिटात ठेवलं.

“थँक यू, मिसेस पाठक.”

“क्लास साडेसहाला सुरू होतो, नऊला संपतो,” मी म्हटलं. “तेव्हा तुझ्या बाजूला बस नसते, मला ठाऊक आहे. मी नेईन आणि आणीन. आठवड्यातून तीनच दिवस आहेत.”

“बघते,” ती म्हणाली.

एवढंच. ती आनंदानं उडी मारेल असं मला वाटलं होतं असं नाही, पण काहीतरी दिसेल असं वाटलं होतं. शेवटच्या वर्षातही ती अशीच झाली होती. आधी वर्गात तिचा हात सारखा वर असायचा. बारावीत एक प्रश्न विचारला नाही तिनं. पेपर मात्र पूर्ण, एक चूक नाही. वडिलांची पाठ बांधकामावर दुखावली होती, तेव्हा घरची काळजी असेल अशी मी समजूत करून घेतली. विचारलं नाही. विचारायला हवं होतं ना? काउन्सिलिंगचा कोर्स केलाय मी, भिंतीवर सर्टिफिकेट आहे.

तुला आणखी एक कळवायला हवं. आपल्या पहिल्या बॅचच्या बारा मुलांपैकी पाच जणांना प्लँटवर नोकरी लागली होती. त्यांतला आता एकच उरलाय, बाकीच्यांना ले ऑफ केलं. नवीन प्रिन्सिपल मला विचारतात, मिसेस पाठक, या स्कीमचा रिझल्ट काय? मी काय दाखवू त्यांना?

सुलेखाकडे यंदाही गणपती होते. तुझ्याबद्दल कुणी विचारलं नाही. मला वाटतं, मुद्दामच.

ताई


चँडलर
१९ जानेवारी १९८७

एकनाथ,

क्लास बारा तारखेला सुरू झाला. त्या संध्याकाळी सहा वाजता मी एलेनाच्या घरासमोर गाडी घेऊन उभी होते. तिची आई दारात आली. तिला इंग्रजी येत नाही, मला स्पॅनिश शाळेपुरतं येतं. “एलेना त्राबाहा,” ती म्हणाली. एलेना कामावर गेलीय. बुधवारीही तेच. शुक्रवारी पडदा हलला, दार उघडलंच नाही.

आज कॉलेजचा फोन आला. तिची जागा वेटिंग लिस्टमधल्या दुसऱ्या कुणाला दिली. तो मुलगा आमच्या शाळेचा नाही, आमच्या भागातलाही नाही.

तेव्हापासून मी हे पत्र लिहायला बसलेय आणि तीन कागद फाडलेत. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की दोष कुणाचाच नव्हता. ते खोटं आहे हे तुला माहीत आहे. पण माझ्या हातची कबुली तुझ्याकडे नाही, म्हणून लिहिते.

चार जागा उरल्या होत्या. नियम साधा होता. नदीपलीकडच्या शाळांतली मुलं, ज्यांच्या घरात कुणी कॉलेजात गेलेलं नाही. उन्हाळ्याचे दहा आठवडे, मग बारावीत शाळा सुटल्यावर काम, आणि पास झाल्यावर नोकरी. तू नावं सुचवायचीस, मी फॉर्म भरून सही करायची. तुझ्या यादीत एलेना दुसरी होती.

त्याच आठवड्यात तुमच्या साहेबानं, व्हीलरनं, आम्हा नवराबायकोला जेवायला बोलावलं होतं. प्रताप त्यांच्या टेबलावर हार्टबद्दल बोलत होता आणि व्हीलर मला म्हणाला, “तुमचा मुलगा काय करतोय या समरमध्ये? आमच्याकडे पाठवा ना. तुम्ही आमच्यासाठी एवढं करता.” राजीवचे मार्क चांगले होते, पण चांगले मार्क चँडलरमध्ये घरोघरी होते. कॉलेजच्या अर्जात लिहायला त्याच्याकडे टेनिसशिवाय काही नव्हतं. मला रात्रंदिवस तीच काळजी होती.

मी चौथ्या फॉर्मवर राजीवचं नाव लिहिलं. शाळेच्या रकान्यात आमच्या शाळेचं नाव लिहिलं. पालकांचं शिक्षण या रकान्यात मी काय लिहिलं, ते तू पाहिलं आहेस. एम.डी. झालेल्या बापाला मी सहावी पास केलं, नाथा. आणि खाली कोऑर्डिनेटर म्हणून सही केली. जिला ‘तुझी जागा पक्की’ म्हणून एप्रिलमध्येच सांगितलं होतं, जिला डेंटिस्टच्या क्लिनिकमधलं चालून आलेलं काम नको म्हणायला लावलं होतं, तिचं नाव काढलं. बाकीच्या तिघांतलं कुणाचं काढता आलं नसतं, कारण त्यांचे आईबाप शाळेत येऊन भांडले असते. एलेनाचे आले नसते. एवढा हिशोब मी केला होता.

तू फोन केलास. मला तो शब्दन् शब्द पाठ आहे.

“ताई, राजीवचं नाव काढून घे. त्याला कुठेही मिळेल.”

“तो तुझा भाचा आहे.”

“म्हणूनच सांगतोय. मी त्याला रोज बघणार आहे तिथे.”

“मग बघ की. मामा आहेस.”

मग म्हणालास, “मी व्हीलरला काही सांगणार नाही. तूच सांग. सोमवारपर्यंत थांबतो.” सोमवार गेला. तू थांबलास, मी थांबले, आणि जून उजाडला.

राजीव सात आठवडे गेला. तिथे बोअर होतं म्हणायचा. शेवटचे तीन आठवडे टेनिस कॅम्पला गेला. मी अडवलं तर म्हणाला, “मॉम, इट्स नो बिग डील.” ती खुर्ची तीन आठवडे रिकामी होती. तू रोज तिच्यासमोरून जात असशील.

आणि सप्टेंबरमध्ये सुलेखाकडे आरती झाल्यावर, प्रसादाच्या ताटल्या हातात असताना, कुणीतरी विचारलं की तुमच्या स्कीमचं काय, एवढ्या हुशार मुलीला घेतलं नाही म्हणे. मी तुझ्याकडे बोट दाखवलं. “याला विचारा. यादी याची. स्वतः दुसऱ्यांच्या घरी वार लावून जेवून शिकला, आता साहेबांच्या पंक्तीला बसतो.” पंचवीस माणसं होती. तू राजीवकडे बघितलंस. तो सोफ्यावर बसला होता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तू ताटली टेबलावर ठेवलीस, चपला घातल्यास आणि गेलास. एक वाक्य बोलला असतास तर माझं तोंड काळं झालं असतं. भाच्यासमोर त्याच्या आईचं तोंड काळं करायचं नव्हतं तुला. मला हे त्याच क्षणी कळलं होतं आणि तरी तू गेल्यावर मी म्हणाले, “बघा, उत्तर आहे का याच्याकडे?”

डिसेंबरमध्ये तू नोकरी सोडलीस. लोक म्हणाले, एकनाथला प्रिन्स्टनजवळ मोठा रिसर्च जॉब मिळाला. मीही तसंच सांगितलं सगळ्यांना.

हे मी एलेनाला सांगणार आहे. तिला कारण कळलं की कदाचित ती पुढच्या बॅचला जाईल, असं मला वाटतं. तिला वाटत असेल की ती कमी पडली. ती कमी पडली नव्हती, हे तरी तिला कळायला हवं.

ताई


चँडलर
२६ एप्रिल १९८७

एकनाथ,

सांगायला मला तीन महिने लागले. आधी परीक्षा, मग प्रतापच्या आईंची तब्येत. कारणं माझ्याकडे कधीच कमी नसतात.

पंधरा दिवसांपूर्वी रविवारी सकाळी गेले. रविवारी इथे बस नसते, हे मी इतकी वर्षं नुसतं ऐकून होते. एलेना रस्त्याच्या कडेनं चालत कामाला निघाली होती. मी गाडी हळू केली, काच खाली केली. “गाडीत बस, सोडते.” ती म्हणाली, “नको, मी चालते.” मी गाडी एका चर्चच्या पार्किंगमध्ये लावली आणि तिच्याबरोबर चालायला लागले. माझ्या पायात साध्या चपला होत्या. पाऊण तासाचा रस्ता, सावली कुठेच नाही. दर रविवारी हा रस्ता ती जाताना एकदा आणि येताना एकदा चालते.

अर्ध्या वाटेत मी बोलले. “एलेना, ती चौथी जागा तुझी होती. ती मी माझ्या मुलाला दिली.”

तिची चाल बदलली नाही. “आय नो,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“जूनपासून. पहिल्या दिवशी मी तिथे गेले होते. वाटलं, कुणी आलं नाही तर मला घेतील. गेटवरचा माणूस चांगला होता. त्यानं मला यादी वाचून दाखवली. शेवटचं नाव पाठक.” ती पुढे म्हणाली, “मग तुमची गाडी आली. तुम्ही त्याला सोडायला आला होतात. तुम्ही उतरून त्याची कॉलर नीट केलीत.”

मला ते आठवतसुद्धा नव्हतं.

“मी वॉचमनच्या खोलीमागे गेले,” ती म्हणाली. “तुम्ही मला बघितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

त्यानंतर ती पूर्ण वर्षभर माझ्या वर्गात बसली, नाथा. रोज सकाळी दुसरा तास. मी फळ्यावर लिहायचे आणि ती उतरवून घ्यायची.

“तू कुणाला सांगितलं का नाहीस? माझ्याशी भांडली का नाहीस?”

“आमच्यासाठी भांडायला शाळेत तुम्हीच होतात,” ती म्हणाली. “तुमच्याविरुद्ध कुणाकडे जायचं?”

ती हे रागानं म्हणाली नाही. वर्गात एखादं उत्तर द्यावं तसं म्हणाली.

मग मी मूर्खासारखी सप्टेंबरच्या बॅचबद्दल बोलायला लागले. मिस्टर एकचं शिफारसपत्र अजून चालतं, मी डीनशी बोलते, तुझ्या शिफ्टचं बघू. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “मला जमणार नाही म्हणून मी जात नाही, असं नाही. मला जमेल. पण परत कुणी म्हणेल की जागा पक्की आहे, आणि मी परत दारात जाऊन उभी राहीन. ते आता माझ्यानं होत नाही.”

“माझ्या गाडीतून नको येऊस. दुसरं कुणीतरी...”

“गाडीचं नाही, मिसेस पाठक.”

तुझ्याबद्दल ती स्वतःहून बोलली. त्या जुलैमध्ये तू तिच्या घरी गेला होतास म्हणे. तिच्या वडिलांसमोर स्टुलावर बसून सॉरी म्हणालास, यावर्षी जागा कमी होत्या म्हणालास. तिनं तुला विचारलं, कुणी ठरवलं? तू म्हणालास, आम्ही. माझं नाव घेतलं नाहीस. तिला सगळं माहीत होतं आणि तरी तीही तुझ्यासमोर गप्प राहिली. तुम्ही दोघं माझी अब्रू सांभाळत बसला होतात आणि मी त्यानंतर दोन महिन्यांनी सुलेखाकडे भाषण देत होते.

तुझं पत्र तिनं ठेवलंय. “मिस्टर एकना सांगा, छान लिहिलंय,” ती म्हणाली. “माझ्या वडिलांना मी ते स्पॅनिशमध्ये वाचून दाखवलं.” मग लाँड्रीचं दार आलं. ती आत गेली. मी चर्चपर्यंत परत चालत आले.

दुसऱ्या दिवशी मी सुलेखाला फोन केला. सगळं सांगितलं, फॉर्मसकट, आणि म्हटलं, त्या दिवशी जे जे होते त्यांना सांग की एकनाथचा काही संबंध नव्हता. ती हसली. “अगं मृणालिनी, आम्हाला काय कळलं नव्हतं का? राजीव त्या प्लँटवर जात होता हे सगळ्यांना माहीत होतं. जाऊ दे गं. आपल्या मुलांचं आपण नाही बघायचं तर कुणी बघायचं?” मी म्हटलं, मग एकनाथच्या बाजूनं कुणी एक शब्द का बोललं नाही? ती म्हणाली, “तुमच्या बहीण-भावांच्या भांडणात आम्ही कशाला पडायचं?” आणि मेमध्ये पॉटलक आहे, तू दहीवडे आणशील का, असं विचारलं.

राजीवलाही सांगितलं. त्याला वाटलं मी आजारी आहे. “मॉम, हे सगळे करतात,” तो म्हणाला. “माझ्या डॉर्ममध्ये प्रत्येकाला कुणीतरी असंच कुठेतरी घुसवलंय.” तो मला धीर देत होता. माझ्या मुलाचा आवाज इतका समजूतदार होता की मी फोन ठेवून दिला.

आता शेवटचं. यंदा बाजार थोडा सुधारलाय. कंपनीनं कळवलं की या उन्हाळ्यात आमच्या शाळेला दोन जागा देता येतील. फॉर्म माझ्या टेबलावर आले. मी प्रिन्सिपलकडे गेले आणि सांगितलं की या फॉर्मवर सही करायचा अधिकार मला उरलेला नाही. कारणही सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, दुसऱ्या कुणाला तरी सांगतो. मला फार हलकं वाटलं त्या दिवशी. दोन वर्षांत प्रथमच शांत झोप लागली.

परवा शुक्रवारी फॉर्म पाठवायची मुदत संपली. आज शाळेच्या चावीनं ऑफिस उघडून बघितलं. फॉर्म प्रिन्सिपलच्या ट्रेमध्ये होते, कोरे. सायन्सच्या सरांना फुटबॉल होतं, दुसऱ्या बाईंना वेळ नव्हता, आणि मला कुणी परत विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही. मी माझं मन स्वच्छ करण्यात गुंतले होते.

दोन जागा होत्या. त्या कुणाला मिळाल्या असत्या हे मला माहीत आहे. एक माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसते, दुसरी खिडकीजवळ. उद्या सकाळी दुसऱ्या तासाला दोघी समोर असतील, आणि त्यांना काहीच माहीत नाही.

ताई